बर्फासाठी थांबवलेला धूर

डोंगरातल्या गोठलेल्या दवाचं कौतुक तुम्ही ऐकलं असेल. कदाचित वर जाऊन ते पाहूनही आला असाल. मग मला एवढंच सांगा: ते पांढरंशुभ्र जे काही होतं ते कुणाच्या पिकावर पडलं होतं, हे तिथे उभं असताना तुम्ही कुणाला विचारलंत का?

मीही विचारलं नव्हतं. मी तेव्हा बारा वर्षांची होते, पण वय हे काही निमित्त होत नाही. त्या सगळ्या प्रकारात जी अक्कल वापरली गेली ती माझीच होती.

आमचं घर रनाळ्याला. वडील सरकारी शेतीखात्यात होते आणि त्यांची नेमणूक अक्कलकुव्याकडच्या डोंगरी भागात होती. शनिवारी रात्री ते घरी येत, सोमवारी पहाटेच्या गाडीने जात. येताना त्यांच्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा असे. खताचा खड्डा किती खोल घ्यावा, उंदीर कसे मारावेत, बियाणं मिठाच्या पाण्यात का बुडवावं. गावोगाव वाटायला दिलेली ही पत्रकं निम्मी उरत, आणि उरलेली आमच्या घरात येत. कोनाड्यात पत्रकं, डब्यांच्या तळाला पत्रकं, माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. शाळेतल्या पुस्तकात राजा-राणी होते. पत्रकात 'शेतकरी बंधूंनो, जागे व्हा!' असं होतं. मला 'जागे व्हा' जास्त आवडे. छापलेलं सगळं खरं असतं आणि ते मोठ्याने सांगायचं असतं, हे माझ्या अंगात तेव्हापासून भिनलं.

वडील घरात अहिराणी बोलत. त्यांच्या तोंडी पत्रकातली मराठी आली की आई म्हणे, "उना सरकार," म्हणजे सरकार आलं, आणि पदर सावरून बसे.

त्या गठ्ठ्यात कधीकधी परदेशी वकिलातींनी फुकट वाटलेली रंगीत पुस्तकंही असत. चीनचं युद्ध व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात असंच एक पुस्तक आलं. त्यात एका पानावर एक कुटुंब होतं. आई, वडील, एक मुलगी, एक मुलगा. चौघांच्या पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधलेल्या, हातांत काठ्या, आणि चौघं बर्फाच्या उतारावरून हसत खाली येताहेत. खाली लिहिलं होतं, 'सुटीच्या दिवशी एक कुटुंब.' माझा धाकटा भाऊ सात वर्षांचा. त्याने ते पान फाडून उशाखाली ठेवलं.

"नाना, आपला आठे बरफ काब्र नही?" त्याने वडिलांना विचारलं.

"कोन सांगं नही?" वडील म्हणाले. "मन्हा डोंगरमा ये. डाब गावकडे थंडीमा दव गोठस. सकाये देखं ते सगळं पांढरं."

बोलून गेले. पण भावाने धरून ठेवलं, आणि खरं तर वडिलांनाही ते आवडलं होतं. रोज डोंगर चढून-उतरून आलेल्या माणसाला आपल्या डोंगरात असं काही आहे याचा अभिमान वाटू लागला. त्यांनी कचेरीत सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, की नाताळच्या सुटीत आम्ही सगळे बर्फात जाणार. गावच्या सुताराकडून त्यांनी सागाच्या चार पट्ट्या करून घेतल्या. पुढची टोकं वर वळवायची होती, ते काही सुताराला जमलं नाही; त्याने टोकं तासून वर दोन लाकडी ठोकळे ठोकले. तयार झाल्यावर त्याने पट्ट्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या.

"साहेब, बाकी सगळं समजनं," तो म्हणाला. "पन याले बैल कोठे जुपाना?"

सगळा पार हसला. घरी ऐकून आईही हसली. "पाय मोडना ते मन्हाकडे येऊ नका," तिने आम्हाला बजावलं, आणि लाडू बांधायला बसली.

तापी ओलांडून, तळोद्यावरून अक्कलकुव्याला, तिथून खापरला आम्ही पोचलो तो बाजाराचा दिवस होता. तिथे एका पाड्याचा कारभारी आमची वाट पाहत होता. कारभारी म्हणजे डोंगरातल्या वस्तीचा प्रमुख. वडिलांपेक्षा वीस वर्षांनी तरी मोठा असेल. अंगाने काटकुळा, डोक्याला पांढरं फडकं, बाजारात विकायला आणलेली टोपली रिकामी झालेली. वडिलांनी त्याला निरोप धाडला होता की आम्ही त्याच्या घरी उतरणार. मुलखाचा साहेब बायकामुलांसह घरी येतो म्हणजे काय, हे त्याला विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही.

"अरे कारभारी, सामान जास्त आहे," वडील म्हणाले.

"व्हय, सायेब," तो म्हणाला.

पायथ्यापर्यंत बैलगाडी होती. पुढे चढ. आमच्या वळकट्या, लाडवांचा डबा आणि त्या चार पट्ट्या वर पोचल्या. कुणाच्या डोक्यावरून पोचल्या ते मला आठवत नाही. आठवत नाही याचा अर्थ मी पाहिलंच नाही.

कारभाऱ्याचं घर टेकाडावर एकटंच होतं. कुडाच्या भिंती, शेणामातीने लिंपलेल्या. बाकीची घरं ओहोळाच्या पलीकडे. घरापुढचा उतार म्हणजे त्याचं शेत, आणि शेतात तूर. माझ्या डोक्यापेक्षा उंच, शेंगांनी वाकलेली. शेताच्या कडेने गवताचा एक रुंद पट्टा खाली ओहोळापर्यंत गेला होता. वडिलांनी तो पाहूनच ठरवलं की पट्ट्यांवरून घसरायचं ते इथेच.

घरात कारभारी आणि त्याची सून होती. मुलगा लाकूडतोडीला लांब गेला होता. सुनेने आम्हाला पहिल्या संध्याकाळी तुरीच्या हिरव्या शेंगा मिठात उकडून दिल्या. आई आणि ती चुलीपाशी बसल्या. आई तापीकाठच्या शेतकऱ्याची मुलगी. तिला शेत पाहिल्याशिवाय माणूस कळत नसे. तिने विचारून घेतलं: मका यंदा पावसाने मारला, ती तूर तेवढी साधली. त्यातच वर्षाची डाळ, त्यातलंच थोडं खापरच्या बाजारात मीठ-कापडासाठी, आणि सगळ्यांत भरदार शेंगा निवडून पुढच्या पेरणीचं बी. दुसरं काही नव्हतं. एवढं ऐकल्यावर आईने आमच्या पानांतल्या निम्म्या शेंगा उचलून परत टोपलीत टाकल्या. भाऊ कुरकुरला. आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

सूर्य कलला की सून शेताच्या वरच्या अंगाला जायची. तिथे पालापाचोळ्याचे पाच-सहा ढीग होते. त्यांत ती चुलीतला विस्तव घालायची आणि वरून ओलसर गवत दाबायची. जाळ होत नसे, नुसता धूर निघे, आणि तो उतारावर तुरीतून सरकत सरकत पसरे. सगळी रात्र तूर त्या धुराखाली असायची. ओहोळापलीकडेही असेच धूर दिसत.

पहिल्या सकाळी उठलो तर आभाळ भरलेलं. दव नाही, बर्फ नाही, थंडीही बेताची. भाऊ दोन्ही पायांना पट्ट्या बांधून अंगणात उभा राहिला, आणि तसाच तासभर उभा राहिला. वडील म्हणाले, "उद्या." दिवस गेला. दुसऱ्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं, हात काकडत होते, पण उतारावर नुसतं ओलं गवत. खाली ओहोळाच्या खाचेत, जिथे धूर पोचत नव्हता, तिथे चिमूटभर मीठ सांडावं तसं काहीतरी पांढरं होतं. आम्ही पोचेपर्यंत तेही विरलं.

तरी वडिलांनी हट्ट सोडला नाही. त्यांनी भावाला ओल्या गवतावर उभा केला आणि मागून ढकलला. सुताराचे ठोकळे मातीत रुतले आणि भाऊ तोंडावर पडला. मग मी पडले. मग वडिलांनी स्वतः पट्ट्या बांधल्या, धोतर खोचलं, आणि बसल्या जागी बसले. एव्हाना ओहोळापलीकडची माणसं जमली होती. एक म्हातारी तोंडाला पदर लावून काहीतरी म्हणाली आणि सगळे खदखदले.

"काय म्हनस ती?" वडिलांनी विचारलं.

कारभारी खाली बघत म्हणाला, "काय नाय, सायेब. म्हने, भगवानानं पाय दिले ते कमी पडले का."

त्यांच्यातल्या दोन पोरी शिंदीची झावळी घेऊन आल्या, तिच्या बुडख्यावर बसल्या, आणि सुक्या गवताच्या दुसऱ्या उतारावरून सर्रकन खाली गेल्या. बर्फ लागलं नाही, पट्ट्या लागल्या नाहीत. त्यांनी भावाला बोलावलंही. तो गेला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तो वडिलांकडे वळून रडू लागला, "तुम्ही खोटं बोलनात! आठे बरफ नही शे! तुम्ही खोटं बोलनात!"

वडिलांचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता. रनाळ्यात सगळ्यांना सांगून झालं होतं. परतायचा दिवस उद्याच होता.

त्या संध्याकाळी मी अंगणात बसले होते. सून पाल्याचे ढीग सारखे करत होती. आणि मला आठवलं. शब्दन् शब्द आठवला, कारण ते पत्रक माझ्या गणिताच्या वहीचं कव्हर होतं. मी धावत वडिलांकडे गेले.

"नाना, बरफ काब्र पडत नही ते माले समजनं. धूर! पत्रकमा शे ना, 'पिकावर धुराचे आवरण राहिल्यास दव गोठत नाही.' हाई बाई रोज धूर करस म्हनीसन बरफ पडत नही!"

वडिलांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "देखा," ते आईला म्हणाले, "मन्ही आंडेर कितली हुशार शे!"

ती थाप मला अजून पाठीवर जाणवते.

ते सुनेपाशी गेले. त्यांच्या तोंडी पत्रकातली मराठी आली.

"आज धूर करू नकोस."

ती हात न थांबवता म्हणाली, "तूर मरेल, सायेब."

"एका रात्रीने काही होत नाही. मी शेतीखात्यातला माणूस आहे. मला कळतं."

आता ती उभी राहिली. "मागल्या साली तुमीच आले होते. कागद घेऊन. धूर करा, धूर करा, सांगत. आमी हसलो. आमचा आजा धूर करायचा तवा तुमचा कागद नव्हता. आता आमी करतो तर नको म्हनता?"

"बस कर," कारभारी घरातून बाहेर येत म्हणाला. मग वडिलांना हात जोडून: "सायेब, असं करू. वरचे ढीग पेटवतो, गवताकडचे सोडतो. गवतावर पडंल तुमचं बरफ. तुरीला धूर ऱ्हाईल."

वडील विचारात पडले. ते मानलेही असते, मला खात्री आहे. पण मी मध्ये बोलले. मी म्हणाले, "नाना, तसं व्हत नही. पत्रकमा लिखेल शे, धूर वाराबरोबर सगळीकडे पसरस."

ते बरोबरच होतं. पत्रकात तसंच छापलं होतं.

"पोरगी बरोबर सांगते," वडील म्हणाले. "सगळेच राहू दे."

आई उंबऱ्यात उभी होती. माणसांसमोर ती वडिलांना उलटून बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "अहो, राहू द्या ना. पोरं खेळतीन, नही खेळतीन. त्यास्नं वरीसनं खानं शे ते."

"तू मधमा बोलू नको."

"बोलसू. मी शेतनी शे. तूर मरनं म्हंजे काय ते माले ठाऊक शे."

"मी त्याला जबरदस्ती करतो आहे का?" वडील कारभाऱ्याकडे वळले. पुन्हा मराठी. "काय रे, मी जबरदस्ती करतो आहे का?"

कारभारी काय म्हणणार? तो म्हणाला, "नाय, सायेब. तुमी पावने." त्याने काठीने एकेक ढीग पांगवला. सुनेच्या हातात विस्तवाचं खापर होतं. तिने ते परत घरात नेलं आणि चुलीत उलटं केलं.

सकाळी भावाच्या किंकाळीने मी जागी झाले. बाहेर आले आणि उभीच राहिले. सगळा उतार पांढरा होता. गवताची पाती न् पाती काचेच्या चुऱ्यात बुडवून काढल्यासारखी. पाय टाकला की कुरकुर वाजे. श्वासाचा धूर निघे. आणि तूर! प्रत्येक पानाला पांढरी किनार, प्रत्येक शेंगेवर बारीक पांढरे केस. सूर्य यायच्या आधीच्या त्या निळसर उजेडात आम्ही पट्ट्या बांधल्या आणि घसरलो. चार हात, पाच हात; एकदा भाऊ चांगला दहा हात गेला. वडील टाळ्या वाजवत होते. मी खोटं लिहिणार नाही: मी खूप हसले. इतकी सुंदर सकाळ मी पुन्हा पाहिली नाही. भावाने एक वाटी आणली, तुरीच्या पानांवरचं बर्फ नखाने खरवडून तीत गोळा केलं, आणि आम्ही ते गुळाबरोबर खाल्लं.

सून बाहेर आली नाही. आईही आली नाही.

ऊन उतारावर आलं तसं पांढरं गेलं. प्रथम तूर ओली हिरवी दिसली आणि मला वाटलं, बघा, काही झालं नाही. आम्ही सामान बांधलं. बांधून बाहेर आलो तोवर पानं काळपट होऊन लोंबत होती, उकडलेल्या भाजीसारखी. वास येत होता, कच्चा, कुबट. कारभारी शेताच्या मधोमध उभा होता. त्याने एकाही झाडाला हात लावला नाही.

सुनेने एक शेंग तोडली, चिरली, आणि आतला दाणा आईच्या तळहातावर ठेवला. दाणा पाणी होऊन मऊ पडला होता. आईने मूठ मिटली. ओहोळापलीकडची तूर, धुराखालची, जागोजाग हिरवी होती.

"थोडंफार सुधारेल," वडील म्हणाले. "मी वर लिहितो. सरकार बियाणं देईल."

"व्हय, सायेब," कारभारी म्हणाला.

घाट उतरेपर्यंत आईची मूठ मिटलेलीच होती. पट्ट्या आम्ही वरच विसरलो, की वडिलांनी मुद्दाम सोडल्या, कोण जाणे.

त्या रात्री डोंगरात बऱ्याच गावांचं नुकसान झालं होतं. वडिलांना पाहणी करून अहवाल द्यायला सांगण्यात आलं. दीडएक महिन्याने त्याची नक्कल त्यांच्या पिशवीत होती, निळ्या कार्बनची. मी घरात आलेला प्रत्येक कागद वाचत असे, तोही वाचला. पाड्याचं नाव, कारभाऱ्याचं नाव, तुरीचं क्षेत्र, नुकसान संपूर्ण. आणि शेवटच्या रकान्यात: 'धूर करण्याविषयी खात्याने वेळोवेळी सूचना देऊनही सदर शेतकऱ्याने पालन केले नाही. स्वतःच्या हयगयीमुळे नुकसान. मदतीस पात्र नाही.'

जेवताना मी तो कागद वडिलांच्या ताटाशेजारी ठेवला.

"नाना, हाई खोटं शे."

ते घास हातात धरून बसले. मग आवाज चढला. "मंग काय लिखू? मन्हा पोरंले बरफवर खेळनं व्हतं, म्हनीसन मी धूर थांबाडा, असं लिखू? नोकरी जाई मन्ही. तुम्ही काय खाशात?"

"ते काय खातीन?" आईने विचारलं.

कुणीच पुढे जेवलं नाही. पावसाच्या तोंडावर डोंगरात बियाणं वाटलं गेलं. यादीत कारभाऱ्याचं नाव नव्हतं.

मी तेव्हापासून छापलेल्या ओळीकडे पूर्वीसारखी पाहू शकले नाही. पण एवढ्यावर हे संपलं असतं तर आज मी लिहायला बसले नसते. पुढच्या हिवाळ्यात खापरच्या बाजारातून कुणाच्या तरी हाती एक पुडकं आमच्या घरी आलं. आत चारोळी. निरोप असा: कारभाऱ्याने पाठवली. सायबानं आमच्यासाठी वर लिहिलं, वरच्यांनी ऐकलं नाही, त्यात सायबाचा काय दोष. पुढच्या वर्षी पुन्हा चारोळी आली. वडिलांची बदली सपाटीवर झाली तरी ती येत राहिली, रानातून वेचलेली, फोडून साफ केलेली. आई ती घरात ठेवत नसे. शेजारीपाजारी वाटून टाकी. वडील पुडकं आलं की बाहेर जाऊन बसत.

मी शिकले, सभांना जाऊ लागले, स्वतः पत्रकं लिहू लागले. अन्यायाविरुद्ध मी बरंच लिहिलं आहे, सगळं दुसऱ्यांच्या. गेल्या हिवाळ्यात पुडकं आलं तेव्हा मात्र मला ते हातात धरवेना. मी ती निळी नक्कल शोधून काढली.

"मी वर जाई ऱ्हायनू," मी वडिलांना सांगितलं. "त्याले हाई वाची दखाडसू. तुम्ही येतस का?"

ते उठले. चपला घातल्या. ओट्यापर्यंत आले, तिथे थोडा वेळ उभे राहिले. मग मागे फिरून खाटेवर बसले, चपलांसकट.

मी एकटी गेले. कारभारी आता फार थकला होता. सून तीच, पण केस पिकू लागलेले. उतारावर पुन्हा तूर होती. त्यांनी पलीकडच्या घरांकडून मूठमूठ बी मागून ती परत उभी केली होती, त्याला तीन वर्षं लागली होती. त्या तीन वर्षांत सूनही नवऱ्याबरोबर लाकूडतोडीला जात होती.

मी कागद वाचला. कारभाऱ्याला कचेरीची मराठी कळेना, म्हणून मी एकेक वाक्य सोपं करून सांगायचं आणि सुनेने ते त्यांच्या बोलीत सासऱ्याला सांगायचं, असं चाललं. शेवटच्या रकान्याशी आल्यावर ती थांबली. मग तिने ते वाक्य सांगितलं, स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या घराबद्दल.

"परत वाच," कारभारी म्हणाला.

मी परत वाचलं.

"सूचना म्हंजे?"

"सांगणं."

"सांगितलं होतं ना सायबानं. धूर करू नको, असं सांगितलं होतं."

"हो."

"मंग कागदात ते का नाय?"

मी त्याला सांगितलं की धुराची गोष्ट मीच वडिलांना सुचवली होती. त्याने मान हलवली, जणू ते त्याला ठाऊक होतं, किंवा त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

"चारोळी," तो म्हणाला. "इतकी वरसं मी चारोळी पाठवली."

सून हसली. चांगलं हसू नव्हतं ते. "मी म्हनत होते, झाडावरच ऱ्हाऊ द्या. पाखरं तरी खातील. हा म्हने, सायेब आपला मानूस."

म्हातारा माझ्याकडे वळला. "बाई, कागदातली ती वळ खोडता येते का?"

मी अर्ज लिहिला. 'मी हयगय केलेली नाही. मला धूर करू नको असे सांगण्यात आले.' लिहून झाल्यावर त्याला वाचून दाखवला. सुनेने सांगितल्यावर त्याने दोन ठिकाणी बदल करायला लावले. त्याला 'सांगण्यात आले' चालेना. कोणी सांगितलं ते लिही, म्हणाला. मी वडिलांचं नाव लिहिलं. मग त्याने अंगठा दिला. कचेरीत बाबूने अर्ज उलटा ठेवला आणि म्हणाला, इतकं जुनं प्रकरण आता कोण उघडणार? मी अजून दर महिन्याला जाते. अजून कुणी उघडलेलं नाही.

परतले त्या संध्याकाळी वडील ओट्यावरच होते. "काय म्हनना तो?" त्यांनी विचारलं.

"चारोळी आते येवाव नही."

त्यांनी मान खाली घातली आणि मग हलकेच म्हणाले, "बरं व्हयनं." त्यांनी मला हे लिहू नको असं म्हटलं नाही. त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं माझ्यापाशी एवढंच आहे.

हे वाचणाऱ्यांत कुणी तलाठी असाल, ग्रामसेवक असाल, मास्तर असाल. नसाल तर तुमच्या घरात, शेजारात असा कुणीतरी असेल ज्याच्या हातून न वाचणाऱ्या माणसांबद्दल रोज कागद लिहिले जातात. पंचनामे, अहवाल, जबाब, याद्या. माझी विनंती त्या कागदांबद्दल आहे. आज घरी त्याला एवढं सांगा: सही करण्याआधी तो कागद घेऊन त्या माणसाच्या दारात जा, त्याला कळेल त्या बोलीत मोठ्याने वाच, आणि तो जिथे थांब म्हणेल तिथे थांब. तो गेला नाही, तर कागद मागून घ्या आणि तुम्ही जा.